‘द सोप्रानोज’ : पात्रं, पडद्यामागचे किस्से आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूडच्या आमच्या मित्रमंडळात दर शनिवारी रात्री ‘द सोप्रानोज’चा एक भाग एकत्र बसून पाहायचा, असा शिरस्ता आहे. मालिका संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. नवीन येणारा माणूस साधारण तेच तेच प्रश्न विचारतो, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून काढली. सुरुवातीच्या प्रश्नांत कथेतले धक्के फोडलेले नाहीत. पुढे जिथून ते सुरू होतात तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

ही मालिका कशाबद्दल आहे?

टोनी सोप्रानो हा न्यू जर्सीतला माफिया टोळीचा म्होरक्या. मोठं घर, बायको, कॉलेजच्या उंबरठ्यावरची मुलगी, शाळकरी मुलगा, आणि एक आई. एक दिवस तो अचानक बेशुद्ध पडतो. सगळ्या तपासण्या होतात, शरीरात काही सापडत नाही, आणि डॉक्टर त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात. कथा तिथून सुरू होते.

किती भाग आहेत?

८६. पहिला भाग १० जानेवारी १९९९ रोजी ‘एचबीओ’वर दाखवला गेला, शेवटचा १० जून २००७ रोजी. सहा सीझन, त्यातले पहिले पाच प्रत्येकी १३ भागांचे. सहावा दोन तुकड्यांत आला, २००६ मध्ये १२ आणि २००७ मध्ये ९.

एका बैठकीत पाच-सहा भाग संपवू नका, ही माझी कळकळीची विनंती. प्रत्येक भाग एखाद्या कथेसारखा स्वतंत्रपणे लिहिलेला आहे आणि त्याला मुरायला वेळ लागतो. सलग पाहिलं की मारामाऱ्या तेवढ्या लक्षात राहतात, बाकीचं निसटून जातं.

गुन्हेगारीवरचे एवढे सिनेमे पाहिलेत. यात वेगळं काय आहे?

आई. डेव्हिड चेसने ही मालिका निर्माण केली ती स्वतःच्या आईला समोर ठेवून. त्याच्या डोक्यात आधी सिनेमाच होता : एक माफिया डॉन आईमुळे मानसोपचार घ्यायला लागतो. नंतर त्याची मालिका झाली, पण गाभा तोच राहिला. टोनीची आई लिव्हिया अंधार पडल्यावर फोन उचलत नाही. मुलाने काहीही आणलं तरी तिला ते नकोच असतं. देवाने मला आता उचलावं, हे तिचं पालुपद. नॅन्सी मर्चंडने ही भूमिका अशी केली आहे की पहिल्याच भागात आमच्या खोलीत तीन-चार जणांनी आपापल्या नात्यातल्या कुणाचं तरी नाव घेतलं.

मुलगा आईला ‘ग्रीन ग्रोव्ह’ नावाच्या वृद्धांच्या निवासात ठेवतो, आणि पहिल्या सीझनचा सगळा दारूगोळा तिथे साठतो. जागा प्रशस्त आहे, महागडी आहे, सेवा उत्तम आहे. तरीही लिव्हियाच्या लेखी मुलाने तिला टाकून दिलं. पुण्यात ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत आणि आईवडील अशा ठिकाणी राहतात, त्या घरांत हे प्रसंग पाहताना कुणी फारसं बोलत नाही. टोनी माणसं मारतो हे प्रेक्षक पचवतो, पण त्याने आईला तिथे ठेवलं यावर वाद घालतो. हा वाद लेखकांना हवाच होता असं मला वाटतं.

बदकांचं काय प्रकरण आहे?

पहिल्या भागात टोनीच्या पोहण्याच्या तलावात रानबदकांची जोडी येते, अंडी घालते, पिल्लं होतात. हा दांडगा माणूस अंगातल्या झग्यासह पाण्यात उतरून त्यांना खायला घालतो. पुढे मुलाच्या वाढदिवसाच्या पार्टीत, मांस भाजण्याची शेगडी पेटवत असताना, ती पिल्लं उडून जातात आणि टोनी कोसळतो. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. जेनिफर मेल्फीच्या समोर बसून बदकांविषयी बोलताना त्याला रडू येतं. पिल्लं निघून जाणं म्हणजे कुटुंब गमावण्याची भीती, हे त्याच्या तोंडून येतं तेव्हा तो स्वतःच चकित झालेला असतो. टोनी झालेल्या जेम्स गॅन्डोल्फिनीचा चेहरा त्या प्रसंगात नीट पाहा. अश्रू पुसताना त्याला स्वतःचाच राग येतोय, तेही दिसतं.

पण डॉनला मानसोपचार लपवावे का लागतात?

कारण त्याच्या जगात डॉक्टरांपुढे मन मोकळं करणं आणि पोलिसांपुढे तोंड उघडणं यांत फारसा फरक नाही. दोन्हींत माणूस बंद खोलीत बसून सगळं सांगतो. साथीदारांना कळलं तर ते त्याला कमकुवत तरी समजतील नाहीतर फितूर. आपल्याकडे ‘याला येरवड्याला पाठवा’ असं कुणी म्हणालं तर मनोरुग्णालय म्हणायचंय की तुरुंग, हे संदर्भावरून ओळखावं लागतं, दोन्ही तिथेच आहेत. टोनीला दोन्हींची सारखीच धास्ती आहे.

टोनी स्वतःचा धंदा कचऱ्याचा का सांगतो?

कागदोपत्री तो कचरा व्यवस्थापनाचा सल्लागार आहे. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या पट्ट्यात दुकानं-हॉटेलांचा कचरा खासगी ठेकेदार उचलत, आणि कित्येक दशकं त्यांच्यातले मार्ग माफियाने वाटून दिलेले होते. कोणत्या दुकानाचा कचरा कुणाचा, हे ठरलेलं. दुसरा कुणी कमी दरात करायला पुढे आला की त्याला धमकी, तरीही ऐकलं नाही तर मारहाण नाहीतर ट्रकची राख. भुर्दंड अर्थात दुकानदाराच्या बिलात. न्यूयॉर्क शहराने १९९६ मध्ये या धंद्यावर देखरेखीसाठी स्वतंत्र आयोगच नेमला. कचरा थांबला की शहर थांबतं. उरुळी-फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी डेपोवर गाड्या अडवल्या तेव्हा चौकाचौकांत साचलेले ढीग ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या धंद्याची ताकद वेगळी समजावून सांगायला नको. आपल्या गावकऱ्यांचं भांडण न्यायाचं होतं, माफियाने तीच नाडी खंडणीसाठी धरली.

टोळीतली उतरंड डोक्यात बसत नाही. कोण कुणाच्या वर?

सगळ्यात वर बॉस, त्याच्याखाली अंडरबॉस. बॉसच्या शेजारी सल्लागार असतो, त्याला कॉन्सिग्लिएरे म्हणतात. टोनीसाठी हे काम सिल्व्हिओ करतो. खाली कॅपो, म्हणजे एकेका तुकडीचे प्रमुख, आणि त्यांच्या हाताखाली शपथ घेतलेले शिपाई. शपथ घेण्यासाठी माणूस इटालियन वंशाचा असावा लागतो, म्हणून हेश नावाचा ज्यू म्हातारा टोनीच्या इतका जवळचा असूनही कायम बाहेरचाच राहतो. पैसा खालून वर जातो, आणि दर आठवड्याचं पाकीट हलकं झालं की भांडण पेटतं. मालिकेतले निम्मे खून शेवटी या पाकिटापर्यंत येतात.

पोलिसांना सगळं माहीत असून टोनीला पकडत का नाहीत?

आमच्याकडे सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तर कायद्यात आहे. मालिकेत पात्रं सतत ‘रिको’ म्हणतात. तो अमेरिकेचा १९७० चा कायदा. बॉस स्वतः गोळी झाडत नाही, हप्ता स्वतः गोळा करत नाही. म्हणून या कायद्याने टोळीलाच एक उद्योग मानलं आणि त्या उद्योगातले दहा वर्षांच्या आतले किमान दोन गुन्हे जोडून दाखवले, तर वरच्या माणसालाही अडकवता येईल अशी सोय केली. पण ते जोडून दाखवायला आतला माणूस लागतो किंवा ध्वनिमुद्रण. म्हणून एफबीआय कधी टोनीच्या तळघरात छुपा मायक्रोफोन बसवलेला दिवा ठेवते, कधी त्याच्या माणसांना फोडते.

आपला ‘मोक्का’ याच घराण्यातला. महाराष्ट्राने तो १९९९ मध्ये आणला, म्हणजे मालिका सुरू झाली त्याच वर्षी. त्यातही मागच्या दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रं असावी लागतात, फोनवरचं टिपलेलं संभाषण पुरावा म्हणून चालतं, आणि पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाबही. पुण्याच्या पेपरात ‘टोळीवर मोक्का’ हा मथळा नेहमीच येतो. तो वाचताना जी यंत्रणा डोळ्यांसमोर येते, जवळपास तीच टोनीच्या मागावर आहे.

टोनीची टोळी खरी होती का?

मालिकेतलं डिमिओ घराणं काल्पनिक आहे. मात्र न्यू जर्सीत डीकॅव्हलकान्ते नावाचं खरं माफिया घराणं होतं आणि दोन्हींत बरंच साम्य आहे. मालिका सुरू झाली त्याच वर्षी एफबीआयने टिपलेल्या संभाषणात त्या टोळीतली माणसं ही मालिका आपल्यावरच आहे का, अशी चर्चा करताना सापडली.

सुरुवातीच्या शीर्षकदृश्यात काय बदललं?

टोनी लिंकन बोगद्यातून बाहेर पडून न्यू जर्सीतल्या घरापर्यंत गाडी चालवत जातो. पहिल्या तीन सीझनमध्ये गाडीच्या आरशात न्यूयॉर्कचे जुळे मनोरे दिसतात. ११ सप्टेंबर २००१ नंतर आलेल्या चौथ्या सीझनपासून ते काढून टाकले. सोबतचं गाणं ‘अलाबामा ३’ या बँडचं आहे, आणि हा बँड लंडनचा.

कलाकारांमध्ये कुणी खरा गुन्हेगार होता म्हणे?

टोळीतल्या पॉलीचं काम करणारा टोनी सिरिको. तरुणपणी त्याला अनेकदा अटक झाली होती, तुरुंगवासही घडला होता. आपलं पात्र कधीही फितूर होणार नाही, या अटीवर त्याने भूमिका घेतली. पॉलीच्या केसांच्या दोन्ही बाजूंचे ते पांढरे पंख तो स्वतः बसवायचा, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. २०२२ च्या जुलैमध्ये तो गेला.

सिल्व्हिओची गोष्ट याच्या उलट. स्टीव्हन व्हॅन झँड्ट हा ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ई स्ट्रीट बँडचा गिटारवादक, आयुष्यात कधी अभिनय न केलेला. १९९७ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’च्या सोहळ्यात त्याने केलेलं भाषण चेसने टीव्हीवर पाहिलं आणि त्याला बोलावलं. आधी टोनीच्याच भूमिकेसाठी त्याचा विचार झाला होता. एखाद्या कसलेल्या नटाची भूमिका हिरावून घेणं व्हॅन झँड्टला पटेना, तेव्हा चेसने त्याच्यासाठी नवं पात्र लिहिलं. पडद्यावर सिल्व्हिओची बायको झालेली मॉरीन ही त्याची खरी बायको.

लॉरेन ब्रॅकोला टोनीच्या बायकोची, कार्मेलाची, भूमिका देऊ केली होती. तिने १९९० च्या ‘गुडफेलाज’मध्ये गुंडाची बायको रंगवून ऑस्करचं नामांकन मिळवलं होतं, तेच पुन्हा नको म्हणून तिने डॉ. मेल्फी मागून घेतली. त्याच सिनेमात मायकल इम्पेरिओलीने स्पायडर नावाचा पोऱ्या केला होता, ज्याच्या पायावर गोळी झाडली जाते. मालिकेच्या पहिल्या सीझनमध्ये त्याचं पात्र, टोळीतला ख्रिस्तोफर, बेकरीतल्या पोऱ्याच्या पायावर गोळी झाडतो. इम्पेरिओलीने मालिकेचे पाच भाग लिहिलेही आहेत. आणि मेल्फी ज्याच्याकडे स्वतः सल्ल्याला जाते, तो डॉ. कुप्फरबर्ग म्हणजे दिग्दर्शक पीटर बोग्दानोविच. लॉ कॉलेज रस्त्यावर फिल्म इन्स्टिट्यूटच्या आसपास वाढलेल्या सिनेमावेड्यांना त्याला पाहून फार आनंद होतो.

घरच्या सगळ्यांबरोबर पाहता येईल का?

नाही. शिव्या, नग्नता आणि हिंसा भरपूर आहे. लहान मुलं झोपल्यावरच लावा.

*इथून पुढे कथेतले धक्के आहेत. मालिका पाहिली नसेल तर थांबा.*

लिव्हियाचा शेवटचा प्रसंग विचित्र का दिसतो?

मूळ बेतानुसार लिव्हिया पहिल्या सीझनच्या शेवटी मरणार होती. मर्चंड तेव्हा गंभीर आजारी होत्या आणि मला काम करत राहू दे, असं त्यांनी चेसला सांगितलं. त्याने पात्र जिवंत ठेवलं. जून २००० मध्ये त्या गेल्या. तिसऱ्या सीझनमध्ये आई-मुलाची शेवटची भेट दाखवण्यासाठी त्यांचा जुन्या चित्रीकरणातला चेहरा संगणकाने दुसऱ्या बाईच्या शरीरावर बसवला आणि संवादही जुन्या भागांतून घेतले. ओठ आणि आवाजाचा मेळ बसत नाही, प्रकाश वेगळा दिसतो. तो प्रसंग नसता तर बरं झालं असतं. त्याच भागातलं अंत्यसंस्कारानंतरचं जेवण आणि आठवणी सांगायला जमलेली माणसं मात्र अप्रतिम आहेत. लिव्हियाबद्दल बोलायला कुणाला चांगलं काही सुचत नाही आणि शेवटी कार्मेलाच खरं बोलून टाकते.

कार्मेलाला सगळं माहीत असतं ना? मग ती राहते का?

तिसऱ्या सीझनमधला एक प्रसंग पुन्हा पाहा. ती डॉ. क्रॅकावर नावाच्या वयस्क मानसोपचारतज्ज्ञाकडे जाते. नवरा चांगला माणूस आहे, असं काहीबाही ती सांगत राहते. तो आडपडदा न ठेवता सांगतो : मुलांना तेवढं घे आणि निघ. तिच्याकडून फी घ्यायलाही तो नकार देतो, कारण तो पैसा रक्ताचा आहे. माहीत नव्हतं असं आता तुला म्हणता येणार नाही, हेही तो तिला ऐकवतो.

ती घरी येते, अंगावर पांघरूण ओढून सोफ्यावर पडून राहते. टोनी येतो. मुलीच्या कॉलेजने ५०,००० डॉलरची देणगी मागितलेली असते आणि टोनीने आकडा बराच खाली आणलेला असतो. कार्मेला म्हणते, पूर्ण रक्कम द्यायची. आवाज न चढवता, पण हटत नाही. तो कबूल होतो. तिने त्या डॉक्टरचं ऐकलं का? ऐकलं, आणि त्याच दुपारी त्याची किंमत लावून घेतली. ईडी फाल्कोला या मालिकेसाठी तीन एमी मिळाले. माझ्या मते या एका सोफ्यावरच्या प्रसंगासाठी एक वेगळा द्यायला हवा होता.

मेल्फी टोनीला आपल्यावरच्या अत्याचाराबद्दल का सांगत नाही?

तिच्यावर बलात्कार करणारा माणूस पोलिसांच्या ढिसाळपणामुळे सुटतो. टोनीला एक वाक्य सांगितलं असतं तर तो माणूस दुसऱ्या दिवशी उरला नसता, हे तिला माहीत आहे आणि आपल्यालाही. भागाच्या शेवटी टोनी विचारतो, काही सांगायचं आहे का? ती ‘नाही’ म्हणते आणि भाग तिथेच संपतो. दर वेळी आमच्याकडे निम्मी खोली चिडते. मला ती मालिकेतली सगळ्यात धीट व्यक्ती वाटते ती या एका नकारामुळे. शेवटी ती टोनीचे उपचारच बंद करते, कारण संवादाच्या उपचारांनी असे लोक सुधारत नाहीत, उलट अधिक तरबेज होतात, असा अभ्यास तिच्या वाचनात येतो.

ख्रिस्तोफरची होणारी बायको एड्रियाना खरंच मेली का? प्रत्यक्ष दिसत नाही.

मेली. पाचव्या सीझनमध्ये सिल्व्हिओ तिला गाडीतून रानात नेतो, ती पाचोळ्यातून रांगत चौकटीबाहेर जाते आणि फक्त गोळ्यांचा आवाज येतो. कलाकारांनाही अंदाज येऊ नये म्हणून ती निसटते असाही एक प्रसंग चित्रित केला होता. ड्रेआ दी मॅटिओला याच सीझनसाठी एमी मिळाला.

बर्फाळ रानात पॉली आणि ख्रिस्तोफरच्या हातून निसटलेल्या त्या रशियनचं पुढे काय झालं?

मालिकेत कुठेही सांगितलेलं नाही. ‘पाइन बॅरन्स’ हा भाग स्टीव्ह बुशेमीने दिग्दर्शित केला, त्यानंतर दोन सीझनांनी तो टोनीचा मावसभाऊ म्हणून मालिकेत आला. चित्रीकरण न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्समध्ये झालंच नाही, न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरिमन उद्यानात झालं. रशियनाचा माग काढण्यापेक्षा त्या रात्री बंद पडलेल्या गाडीत सॉसच्या पुड्या चोखून तग धरणारे पॉली आणि ख्रिस्तोफर पाहा. एकमेकांचा जीव घ्यायला उठलेले हे दोघे उद्या पुन्हा एका टेबलावर बसणार आहेत.

शेवटी टोनी मरतो का?

ब्लूमफील्डमधल्या ‘होल्स्टन्स’ या आइस्क्रीमच्या दुकानात कुटुंब एकेक करून जमतं. ‘जर्नी’ बँडचं गाणं चालू आहे, टेबलावर कांद्याच्या तळलेल्या चकत्या आल्या आहेत, मुलगी मेडोला बाहेर गाडी लावता येत नाहीये. जाकीट घातलेला एक माणूस टोनीच्या बाजूने स्वच्छतागृहात जातो. दाराची घंटा वाजते, टोनी वर पाहतो, आणि पडदा काळा होतो. आवाजही बंद. सुमारे दहा सेकंद काही नाही. त्या रात्री अमेरिकेत कित्येकांना केबल गेली असंच वाटलं.

माझं मत : मरतो. याच सीझनमध्ये तळ्यावर होडीत बसलेला टोनीचा मेहुणा बॉबी म्हणतो की ती वेळ येते तेव्हा बहुधा काही ऐकूच येत नसेल, आणि शेवटून दुसऱ्या भागात टोनीला ते वाक्य आठवतं. शिवाय त्या दुकानात दर वेळी आधी घंटा, मग टोनीचा चेहरा, मग त्याला दिसलेलं दृश्य, असा क्रम आहे. शेवटच्या वेळी दृश्याच्या जागी काळोख येतो. चेसने अनेक वर्षं उत्तर टाळलं, पण २०२१ च्या एका मुलाखतीत मृत्यूचा प्रसंग आपल्या मनात आधीपासून होता, हे मान्य केलं. त्याने स्वतः दिग्दर्शित केलेले भाग दोनच, पहिला आणि हा शेवटचा.

‘द मेनी सेंट्स ऑफ नेवार्क’ हा सिनेमा आधी पाहावा का?

आधी नको. कथा काळाने आधीची असली तरी सिनेमा २०२१ चा आहे आणि मालिका पाहिली असेल तरच लागतो. जेम्स गॅन्डोल्फिनी १९ जून २०१३ रोजी रोममध्ये ५१ व्या वर्षी गेला. या सिनेमात तरुण टोनी त्याच्या मुलाने, मायकलने, केला आहे आणि त्याची मान कलती करून पाहण्याची लकब वडिलांची आठवण करून देते. सिनेमा म्हणून विस्कळीत आहे. व्हेरा फार्मिगाची तरुण लिव्हिया मात्र चुकवू नका.